रोगमुक्त काळ म्हणजे नेमकं काय? कर्करुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम फोनवरचं आहे. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाची तपासणीची तारीख चुकली की मी फोन लावते. मंडणगडापासून सावंतवाडीपर्यंतची माणसं त्या फोनवर भेटतात. मी विचारायला फोन करते आणि बहुतेक वेळा मलाच प्रश्न विचारले जातात. फाईलवर डॉक्टरांनी 'डीएफएस' असं काही लिहिलेलं असतं, मुलाने मोबाईलवर शोधून टक्केवारी काढलेली असते आणि घरात कुणालाच त्याचा अर्थ नीट लागलेला नसतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. त्यांच्यासमोर बसताना हे शब्द ओळखीचे असावेत, यासाठी हे लिहिलं आहे.

'तीन वर्षांचा डीएफएस 70 टक्के' याचा अर्थ काय?

ऑपरेशन करून, लागेल तिथे शेक (रेडिएशन) आणि केमो देऊन रोग काढून टाकला, आणि तपासणीत तो कुठेच दिसत नाही. इथपासून पुढे रोग न उलटता माणूस जितका काळ जगतो, तो त्याचा रोगमुक्त काळ. डॉक्टर त्याला डिसीज फ्री सर्व्हायव्हल, थोडक्यात डीएफएस म्हणतात. तीन वर्षांचा डीएफएस 70 टक्के म्हणजे अशाच आजाराच्या, असाच उपचार झालेल्या 100 माणसांपैकी साधारण 70 जण तीन वर्षांनंतर जिवंत होती आणि त्यांचा रोग परत आलेला नव्हता. उरलेल्या 30 जणांच्या बाबतीत काहीतरी घडलं.

ते 'काहीतरी' काय, हे अभ्यास सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याच जागी किंवा जवळच्या लसीका ग्रंथींत (शरीरात मुळातच असणाऱ्या बारीक गाठींत) रोग परत येणं, फुप्फुस, यकृत, हाड अशा दूरच्या ठिकाणी तो दिसणं, आणि कुठल्याही कारणाने मृत्यू. बऱ्याच अभ्यासांत वेगळाच नवा कॅन्सर होणं हेही त्यात धरतात, काहींत धरत नाहीत. यातली जी गोष्ट आधी घडेल त्या दिवशी त्या माणसाचं घड्याळ थांबतं. म्हणून दोन रुग्णालयांचे किंवा दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी, दोघांनी एकच गोष्ट मोजली आहे का, ते बघावं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा घोळ इतका वाढला होता की 2007 साली तज्ज्ञांनी बसून या व्याख्या एकसारख्या केल्या.

घड्याळ सुरू कधी होतं?

औषधांच्या चाचण्यांमध्ये बहुधा ज्या दिवशी रुग्णाला चिठ्ठी टाकल्यासारखं या गटात की त्या गटात घातलं, त्या दिवसापासून. एखादं रुग्णालय स्वतःच्या रुग्णांचा हिशोब मांडतं तेव्हा अनेकदा ऑपरेशनच्या तारखेपासून. गाठ पहिल्यांदा हाताला लागली त्या दिवसापासून कधीच नाही.

आमच्या बाबांचं ऑपरेशन होणार नाही म्हणाले. त्यांचा डीएफएस किती धरायचा?

त्यांना हा आकडा लागू नाही. शरीरात रोग आहे आणि औषधाने तो आटोक्यात ठेवायचा आहे, तिथे रोग किती काळ वाढला नाही ते मोजतात. त्याचं नाव वेगळं: प्रोग्रेशन फ्री सर्व्हायव्हल. मोबाईलवर सापडलेला डीएफएसचा आकडा त्यांच्या आजाराला लावू नका. चांगला वाटला तरी लावू नका आणि वाईट वाटला तरी लावू नका.

माणूस जगला की गेला, एवढंच मोजलं तर पुरे नाही का?

शेवटी तेच महत्त्वाचं, आणि त्यालाही स्वतंत्र आकडा आहे: एकूण जगण्याचा काळ, ओव्हरऑल सर्व्हायव्हल. मग हा दुसरा कशाला?

आपल्याकडे कलमांची बाग असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. हापूसची 100 कलमं लावली. पाच वर्षांनी किती उभी आहेत हा एक हिशोब. किती कलमांना भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलेलं नाही हा दुसरा. भिरूड लागलेलं कलम लगेच मरत नाही. खोडातून भुसा पडायला लागतो, आपण तार घालून अळी काढतो, औषध सोडून भोक बुजवतो, आणि झाड पुढे कितीतरी वर्षं उभं राहतं. पण ज्या दिवशी बुंध्याशी भुसा दिसला, त्या दिवसापासून त्या झाडाची काळजी वेगळी सुरू झाली. बागायतदाराला दोन्ही आकडे लागतात. नुसती उभी झाडं मोजून बागेची प्रकृती कळत नाही.

रुग्णाचंही तसंच आहे. रोग उलटला की पुन्हा मुंबई, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा केमो आणि घरात पुन्हा ती शांतता. तो दिवस पुढे ढकलला गेला किंवा आलाच नाही, ही त्या माणसासाठी खरी मिळकत आहे.

दुसरं कारण वेळेचं. काही कॅन्सरमध्ये उपचार चांगला की वाईट हे मृत्यूंवरून ठरवायचं तर दहा-पंधरा वर्षं थांबावं लागेल. तोवर त्या औषधाची वाट पाहणाऱ्यांनी काय करायचं?

चुलता रोगातून बरा झाला होता, भातकापणीला घोणस चावून गेला. तोही कॅन्सरच्या आकड्यात धरणार?

डीएफएसच्या नेहमीच्या व्याख्येत, हो. हा प्रश्न एका पुतण्याने मला रागाने विचारला होता आणि त्याचा राग मला कळला. पण मृत्यूचं कारण ठरवणं वाटतं तितकं सरळ नसतं. घरी झोपेत गेलेल्या माणसाचा हृदयविकार होता, केमोने हृदय कमकुवत झालं होतं, की रोग आतून पसरला होता? तपासणी झालेली नसते. कारण बघून मृत्यू वगळायला लागलं तर औषधाचेच दुष्परिणाम हिशोबातून निसटायची भीती असते. म्हणून सगळे मृत्यू धरतात. दोन्ही गटांत घोणस सारखीच चावते, त्यामुळे तुलनेला फारशी बाधा येत नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ नव्हती, तरी डॉक्टरांनी मान उघडली. गरज होती का?

कोकणात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर आपल्याच परळच्या टाटा रुग्णालयातल्या अभ्यासाने दिलं आहे. तोंडात लहान गाठ आहे, मानेत काहीच लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसीका ग्रंथीही काढल्या. दुसऱ्यात फक्त तोंडाचं ऑपरेशन करून मानेवर लक्ष ठेवलं आणि तिथे काही आलं तरच मान उघडली. पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर आधीच मान साफ केलेल्या गटात रोगमुक्त 69.5 टक्के, थांबलेल्या गटात 45.9 टक्के. जिवंत असलेले पहिल्या गटात 80 टक्के, दुसऱ्यात 67.5 टक्के.

हे चार आकडे जरा वेळ बघत बसावेत असे आहेत. आधीच मान साफ करणं चांगलं, हे तर त्यात दिसतंच. आता फक्त दुसरा गट बघा. 100 पैकी 46 रोगमुक्त, पण 67 जिवंत. मधली ही सुमारे 21 माणसं कोण? ज्यांचा रोग उलटला पण जी अजून आहेत. काहींची मान नंतर उघडली आणि ती सावरली, काही अजून झुंजत होती. दोन आकड्यांमधल्या या फटीत खरी माणसं आहेत. त्यातली कितीतरी वाचली, कारण मानेत वाटाण्याएवढी गाठ आली तेव्हा ती डॉक्टरांसमोर बसलेली होती.

कुणी तीन वर्षं सांगतं, कुणी पाच, कुणी दहा. असं का?

प्रत्येक रोगाची उलटण्याची रीत वेगळी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. 2005 साली 18 चाचण्यांमधल्या 20,898 रुग्णांची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा तीन वर्षांचा रोगमुक्त आकडा आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचा आकडा एकमेकांशी चांगलाच जुळला. म्हणून त्या आजारात पाच वर्षं न थांबता तीन वर्षांत औषधाबद्दल बोलता येऊ लागलं. तोंडाचा कॅन्सरही उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत.

स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार मात्र फार संथ आहे. ज्या गाठी स्त्री-संप्रेरकावर वाढतात, त्या पाच वर्षं शांत राहूनही नंतर, अगदी विसाव्या वर्षापर्यंत, डोकं वर काढू शकतात. तिथे तीन वर्षांचा आकडा ऐकून फटाके वाजवू नयेत आणि पाच वर्षांनी औषधाची गोळी स्वतःहून बंद करू नये.

रोगमुक्त काळ वाढला म्हणजे आयुष्यही वाढलं ना?

नेहमी नाही. हे लक्षात ठेवाच.

पाळी गेलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन द्यावं की अॅनास्ट्रोझोल (दोन्ही संप्रेरकाला अडवणाऱ्या गोळ्या), यावर हजारो रुग्णांची एक मोठी चाचणी झाली. अॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण कमी राहिलं, रोगमुक्त काळ वाढला. पण दोन्ही गटांतल्या एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. अॅनास्ट्रोझोलने हाडं जास्त मोडली, टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाचा त्रास जास्त झाला. अशा वेळी फक्त 'डीएफएस चांगला' म्हणून गोळी ठरत नाही. त्या बाईची हाडं कशी आहेत, पूर्वी पायाची शीर सुजली होती का, हेही बघावं लागतं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते सांगताना मला आनंद होतो. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीच्या भोवती, दात काढताना भूल देतात तसलं लिडोकेनचं साधं इंजेक्शन द्यायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग गाठ कापायची. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातल्या 11 केंद्रांवर दीड हजारांहून जास्त बायकांमध्ये हे करून बघितलं. 2023 साली निकाल आला. पाच वर्षांनी रोगमुक्त 86.6 टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांत 82.6. जिवंत 90.1 टक्के विरुद्ध 86.4. दोन्ही आकडे एकाच दिशेने हलले, आणि तेही अगदी स्वस्त औषधाने. महागड्या औषधाच्या जाहिरातीत फक्त रोगमुक्त काळाचा आकडा दिसला की मला ही चाचणी आठवते.

'धोका 23 टक्क्यांनी कमी होतो' म्हणाले. मग केमो घ्यायलाच हवा ना?

त्या 23 टक्क्यांमागे 100 माणसं उभी करून बघा. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर जुन्या केमोमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध वाढवलं तर काय होतं, याची 2,246 रुग्णांची चाचणी 2004 साली आली. तीन वर्षांनी रोगमुक्त 78.2 टक्के, जुन्या औषधावर 72.9. 'धोका 23 टक्क्यांनी कमी' हे याच निकालाचं दुसऱ्या भाषेतलं रूप. 100 जणांनी जास्तीचं औषध घेतलं तर साधारण पाच जणांना त्याचा लाभ झाला. बाकीच्यांपैकी बरेचजण त्याशिवायही ठीक राहिले असते आणि काहींचा रोग औषध घेऊनही उलटला. आपण त्या पाचांत आहोत का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. पाच ही लहान संख्या नाही. पण ती 23 नाही.

या औषधाची किंमत हातापायांत मोजावी लागते. बोटांना मुंग्या येतात आणि गार लागलं की त्या सुईसारख्या टोचतात. एका मासळी विकणाऱ्या ताईंनी मला सांगितलं होतं, "बर्फात हात घातला की वीज लागल्यासारखं होतं." पहाटे बंदरावर लिलाव, मग बर्फातून सुरमई-पापलेट निवडणं, दिवसभर ओल्या टोपलीत हात. त्यांचं पोट त्या बोटांवर होतं. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी कुणाला न सांगता येणं बंद केलं.

त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं असतं तर बोलण्यासारखं बरंच होतं. 2018 साली 12,834 रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात हाच केमो सहा महिन्यांऐवजी तीन महिने दिला तर काय, ते बघितलं. तीन वर्षांचा रोगमुक्त आकडा 75.5 वरून 74.6 वर आला, म्हणजे 100 मागे एकाहून कमी फरक, आणि नसांचा त्रास मात्र खूपच कमी. काही गटांत, विशेषतः गोळीसोबत दिला जाणारा प्रकार घेणाऱ्या कमी धोक्याच्या रुग्णांत, तीन महिने पुरतात असं आता बरेच डॉक्टर मानतात. सगळ्यांना ते लागू नाही. पण मासळीच्या टोपलीत हात घालावा लागतो, ही गोष्ट डॉक्टरांना कळली तरच ते हा विचार करतील.

मी बरा आहे. तपासणीला आलो नाही तर तुमचं काय बिघडतं?

मालवणकडचा फोन असला की हे वाक्य हमखास येतं: "माका बरा वाटता, मगे कित्याक येव?" याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण सगळा आकडा याच्यावर उभा आहे.

1958 साली कॅप्लान आणि मायर या दोघांनी मांडलेली एक रीत आजही सगळीकडे वापरतात. कॅन्सरच्या अहवालात पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी रेघ दिसते ती त्यांचीच. अडचण अशी होती की सगळी माणसं शेवटपर्यंत हिशोबात राहत नाहीत. कुणाचं ऑपरेशन कालच झालेलं असतं, कुणी गाव सोडतं, कुणी फोन उचलत नाही. अशा माणसाला ती रीत, तो शेवटचा भेटला त्या दिवसापर्यंत रोगमुक्त धरते आणि पुढे बाजूला ठेवते. कलम कुणी जमिनीसकट विकलं तर आपण ते मेलं असंही लिहीत नाही आणि जगलं असंही लिहीत नाही, तसं.

आता 10 माणसं घ्या. पहिल्या वर्षी एकाचा रोग उलटला, 10 पैकी 9 राहिले, 90 टक्के. मग चौघांनी येणं बंद केलं. समोर उरले 5. त्यातल्या एकाचा रोग दुसऱ्या वर्षी उलटला, 5 पैकी 4 राहिले, 80 टक्के. नव्वदाचे ऐंशी टक्के, म्हणजे 72. अहवालात छापून येईल: दोन वर्षांचा डीएफएस 72 टक्के.

न आलेले ते चौघे खरोखर बरे असतील तर खरा आकडा 80 असतो. चौघांचाही रोग उलटल्यामुळे, पैसे संपल्यामुळे किंवा ताकद न राहिल्यामुळे ते आले नसतील, तर खरा आकडा 40. छापलेला 72 या दोघांच्या मध्ये कुठेतरी तरंगतो. ही रीत असं गृहीत धरते की न येणारे आणि येणारे सारखेच असतात. कोकणात हे गृहीत धरायला माझा जीव धजत नाही. फोन लावला की कधी कधी सून उचलते आणि सांगते, "ते शिमग्यातच गेले." आमच्या कागदावर ते अजून रोगमुक्त असतात.

आणि तारखा चुकतात त्या आळसाने नाही. मार्चमध्ये ऑपरेशन झालेल्या शेतकऱ्याला दर तीन महिन्यांची तारीख दिली तर पहिली जूनमध्ये पेरणीत, दुसरी सप्टेंबरात गणपतीच्या आगेमागे, चौथी शिमग्याच्या आसपास. खलाशाला जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तर मोकळा दिवसच नाही. आंबेवाल्याला एप्रिल-मे विचारूच नका. तारीख देतानाच हे सांगा. दहा-पंधरा दिवस अलीकडे-पलीकडे बहुतेक वेळा चालतं. सहा महिने चालत नाहीत.

मग दर महिन्याला पेट स्कॅन केला तर रोग लवकर सापडेल ना?

लवकर सापडेल, कदाचित. त्याने माणूस जास्त जगेलच असं नाही. 1994 साली इटलीतल्या दोन अभ्यासांत स्तनाच्या कॅन्सरनंतर काहींना नियमाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे केलं, तर बाकीच्यांना डॉक्टरची तपासणी आणि मॅमोग्राफी एवढंच. जगण्यात फरक पडला नाही. म्हणून त्रास नसताना वारंवार मोठे स्कॅन आणि रक्तातले मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) करायला स्तनाच्या कॅन्सरमध्ये सांगत नाहीत. आतड्याच्या कॅन्सरचं वेगळं आहे, तिथे मार्कर आणि ठरावीक काळाने स्कॅन करतात, कारण यकृतात एखादीच गाठ आली तर ती काढून माणूस बरा होऊ शकतो.

यात डीएफएसची एक दुखरी बाजूही आहे. जिथे दर तीन महिन्यांनी स्कॅन होतो तिथे रोग लवकर 'दिसतो', रोगमुक्त काळ तोकडा भरतो. जिथे वर्षाने बघतात तिथे तोच रोग उशिरा दिसतो आणि काळ लांब वाटतो. रोग तोच, माणूस तोच, फक्त बघणारे डोळे वेगळे.

पाच वर्षं झाली. आता पूर्ण बरा समजू का?

आतड्याच्या किंवा तोंडाच्या त्याच गाठीबद्दल विचारत असाल तर ती उलटण्याची भीती आता खूपच कमी. संप्रेरकावर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल वर लिहिलंच आहे. तोंडाच्या बाबतीत दुसरी एक भीती उरते: नवीन गाठ. वर्षानुवर्षं तंबाखू लागलेलं सगळं तोंडच बिघडलेलं असतं, एका जागची गाठ काढली तरी.

आईची मशेरी सुटत नाही. ऑपरेशन तर झालंय.

मशेरी हीही तंबाखूच, भाजून पूड केलेली. ऑपरेशननंतरही ती चालू राहिली तर नवीन कॅन्सरचा धोका वाढतो आणि जखम भरायलाही त्रास होतो. आईला रागावू नका. चाळीस वर्षं सकाळ त्या डबीने सुरू झालेली असते. सकाळचा तेवढा वेळ कुणीतरी तिच्याजवळ बसलं, दात घासायला दुसरं काही हातात दिलं, तर सुटायला मदत होते. तंबाखू सोडवण्यासाठी डॉक्टरांकडे औषधंही आहेत, जरूर विचारा.

रोग नाही म्हणतात, पण हात सुजतो, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. हे कुठल्या आकड्यात येतं?

डीएफएसमध्ये येत नाही, आणि हा त्याचा मोठा उणेपणा आहे. त्या आकड्याच्या दृष्टीने तुम्ही ठणठणीत. चांगल्या चाचण्या जगण्याची प्रत वेगळी मोजतात, तीही रुग्णांनाच प्रश्न विचारून. तुम्ही मात्र 'रोग नाही ना, मग पुरे' म्हणून गप्प बसू नका. हाताच्या सुजेवर पट्ट्या आणि व्यायाम आहेत, तोंड उघडण्याचे व्यायाम आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके उपयोगी पडतात.

दर वेळी मुंबईला जायलाच हवं का?

नेहमी नाही. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचा विभाग आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडचे कितीतरी जण गोव्यात बांबोळीला जातात. टाटाचं खारघरचं केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे, पनवेलला उतरून परळपर्यंत जायचे कष्ट वाचतात. मधल्या तपासण्या जवळ आणि वर्षातून एकदा मूळ रुग्णालयात, असं ठरवता येतं का, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वे भाड्यात सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. तो घेऊनच घरी निघा.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

तुमचा आकडा किती वर्षांचा आहे? तो माझ्यासारख्याच स्टेजच्या रुग्णांचा आहे का? हा उपचार घेतला नाही तर 100 मागे किती, आणि घेतला तर किती? माणसं जास्त जगली का, की रोग फक्त उशिरा उलटला? इतकं विचारलं तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. गर्दीत घाई होते, म्हणून कागदावर लिहून न्या.

तपासणीला येताना काय आणायचं?

जुनी फाईल, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, शेवटचे स्कॅन, चालू गोळ्यांची पाकिटं. पावसात फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, शाई उतरलेले रिपोर्ट वाचता येत नाहीत. आणि फोन नंबर बदलला असेल तर नवा नंबर खिडकीवर लिहून द्या, शेजाऱ्याचाही एक द्या. गावात रेंज नसते तेव्हा मला तोच उपयोगी पडतो.